ट्रेंट रेझ्नर : यंत्रांच्या गदारोळातला एकटा आवाज

यंत्रांचा खडखडाट, मुद्दाम विद्रूप केलेले गिटारचे सूर, संगणकावर कापून-जोडून घडवलेले ताल आणि या साऱ्या गदारोळाखाली दबलेला माणसाचा आवाज, अशा संगीताला 'इंडस्ट्रियल रॉक' म्हणतात. यातील 'इंडस्ट्रियल' हा शब्द 'थ्रॉबिंग ग्रिसल' या ब्रिटिश गटाने १९७६ साली स्थापन केलेल्या 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' या कंपनीवरून रूढ झाला. मूठभर श्रोत्यांपुरता असलेला हा प्रकार लाखोंपर्यंत पोहोचवला तो ट्रेंट रेझ्नर या अमेरिकन गायक-गीतकाराने. 'नाइन इंच नेल्स' हे त्याच्या बँडचे नाव. परंतु कित्येक वर्षे हा बँड म्हणजे तो एकटाच होता.

१७ मे १९६५ रोजी जन्मलेला रेझ्नर पेनसिल्व्हानिया राज्यातील मर्सर या लहानशा गावी वाढला. आई-वडील विभक्त झाल्यावर त्याचे बालपण आजोळी गेले. लहानपणीच पियानोचे पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण मिळाले. संगणक अभियांत्रिकी शिकण्यासाठी घेतलेले महाविद्यालय वर्षभरातच सोडून तो क्लीव्हलँडला आला आणि एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत साहाय्यकाच्या कामापासून झाडलोटीपर्यंत पडेल ते करू लागला. रात्री स्टुडिओ रिकामा असे, तेव्हा मालकाच्या परवानगीने तो स्वतःची गाणी मुद्रित करी. मनाजोगते वादक मिळेनात, म्हणून 'प्रिन्स'चा आदर्श समोर ठेवून बहुतेक वाद्ये त्याने स्वतःच वाजवली. यातूनच १९८९ साली 'प्रिटी हेट मशीन' हा पहिला अल्बम निघाला.

यश आले, तसा कंपनीशी वादही आला. आपल्या संगीतात कोणी लुडबुड करावी हे त्याला मान्य नव्हते. 'टीव्हीटी' या कंपनीशी संबंध इतके बिघडले की, १९९२च्या 'ब्रोकन'चे ध्वनिमुद्रण त्याला गुपचूप करावे लागले. त्यातल्याच 'विश' या गाण्याने पुढे त्याला पहिले ग्रॅमी मिळवून दिले.

१९९४चा 'द डाउनवर्ड स्पायरल' हा त्याच्या कारकिर्दीचा मध्यबिंदू. एका माणसाच्या अधःपतनाची ही कथा अमेरिकी अल्बमांच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरली. तिचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसमधल्या ज्या घरात झाले, त्याच घरात १९६९ साली चार्ल्स मॅन्सनच्या अनुयायांनी अभिनेत्री शॅरन टेट व इतरांची हत्या केली होती. तिच्या बहिणीने एकदा रेझ्नरला गाठून, माझ्या बहिणीच्या मृत्यूचे तू भांडवल करतो आहेस का, असे विचारले. या प्रश्नाने आपण हादरलो, हे त्याने पुढे जाहीर मुलाखतीत कबूल केले. अल्बममधला नायक आणि त्याचा कर्ता यांच्यातले अंतरही मिटत चालले होते. मद्य आणि अमली पदार्थांच्या विळख्यातून तो २००१ साली उपचारांनंतर बाहेर पडला. दरम्यान आलेला 'द फ्रॅजाइल' (१९९९) हा दोन तबकड्यांचा अल्बम पहिल्याच आठवड्यात अव्वल ठरला आणि पुढच्याच आठवड्यात वेगाने घसरला. तो याहून अधिक कौतुकास पात्र होता, असे आम्हाला वाटते.

सारे काही स्वतःच्या हाती ठेवू पाहणाऱ्या या माणसाचे सर्वांत गाजलेले गाणे मात्र त्याच्या हातून निसटले. 'द डाउनवर्ड स्पायरल'च्या शेवटी येणारे 'हर्ट' कंट्री संगीताचा बुजुर्ग गायक जॉनी कॅश याने २००२ साली गायिले. मूळ गाण्यातला एक शिवराळ शब्द काढून तेथे काट्यांचा मुकुट आणला. एका तरुणाची आत्मघृणा सत्तरीतल्या गायकाच्या तोंडी आयुष्याचा हिशेब झाली. मार्क रोमानेकने केलेली त्याची चित्रफीत पाहिल्यावर आधी साशंक असलेल्या रेझ्नरचे डोळे भरून आले आणि हे गाणे आता आपले राहिले नाही, असे त्याने म्हटले. कॅश सप्टेंबर २००३मध्ये वारला.

कदाचित तेव्हापासूनच त्याची मूठ सैल झाली असावी. कंपनीच्या करारातून मोकळा होताच मार्च २००८मध्ये त्याने 'घोस्ट्स' ही ३६ वाद्यरचनांची मालिका इंटरनेटवर आणली. पहिल्या ९ रचना फुकट, सगळ्या हव्या असतील तर ५ डॉलर; शिवाय ३०० डॉलरच्या २५०० विशेष प्रती, ज्या काही दिवसांतच संपल्या. दोनच महिन्यांनी आलेला 'द स्लिप' तर संपूर्णपणे मोफत होता.

यानंतर अ‍ॅटिकस रॉस या सहकाऱ्यासह तो चित्रपटांकडे वळला. 'द सोशल नेटवर्क'साठी २०११ साली आणि जॉन बॅटिस्टसह 'सोल'साठी २०२१ साली दोघांना ऑस्कर मिळाले. २०२०मध्ये 'नाइन इंच नेल्स'ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

'घोस्ट्स'मधल्या एका रचनेचा तुकडा एका नवख्या डच संगीतकाराने उचलला, त्यावर लिल नॅस एक्स या तितक्याच नवख्या रॅपरने शब्द चढवले आणि २०१९मध्ये 'ओल्ड टाउन रोड' १९ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. तो त्या वेळचा विक्रम होता. रेझ्नरने तुकडा वापरायला हरकत घेतली नाही. परिणामी कंट्री संगीताच्या पुरस्कारांच्या नामांकन यादीत, निर्माता म्हणून, इंडस्ट्रियल रॉकच्या या गायकाचे नाव झळकले.