चार सीडींचा एक अल्बम

‘झायरीका’ हा ओक्लाहोमा सिटीच्या ‘द फ्लेमिंग लिप्स’ या अमेरिकन रॉक बँडचा अल्बम वॉर्नर ब्रदर्सने ऑक्टोबर १९९७ मध्ये बाजारात आणला. त्यात सीडी चार, गाणी मात्र आठच. प्रत्येक गाणे चारही सीडींवर वाटून टाकलेले असल्याने चार प्लेअर एकाच वेळी लावल्याखेरीज ते पुरते ऐकू येत नाही.

१९९६ साली गिटारवादक रोनाल्ड जोन्स बँड सोडून गेला. उरले वेन कॉइन, मायकेल आयविन्स आणि स्टीव्हन ड्रोझ्ड. जोन्सच्या जागी दुसरा गिटारवादक शोधण्यापेक्षा कॉइनने वेगळेच खूळ घेतले. तरुणपणी मैफलीबाहेरच्या गाड्यांमधून एकच गाणे चहूबाजूंनी वाजताना त्याने ऐकले होते. ते त्याच्या डोक्यात राहिले होते. त्याने प्रत्येक गाडीसाठी वेगळी कॅसेट तयार केली, पार्किंगच्या जागेत गाडीवाल्यांना बोलावले आणि इशारा होताच सगळ्यांना टेप सुरू करायला सांगितले. पुढे गाड्यांच्या जागी टेपरेकॉर्डर आले आणि कॉइन हातवाऱ्यांनी त्यांचा आवाज चढवू-उतरवू लागला. ‘झायरीका’ म्हणजे हाच प्रयोग घरात आणण्याची धडपड.

अशा अल्बमवर पैसे घालायला कंपनी सहजी तयार होणार नव्हती. व्यवस्थापक स्कॉट बुकरने तोड काढली: त्याच पैशांत एक नेहमीसारखा अल्बमही करून देऊ. तोच १९९९ चा ‘द सॉफ्ट बुलेटिन’. दोन्हींचे ध्वनिमुद्रण निर्माता डेव्ह फ्रिडमनच्या सोबतीने झाले.

‘झायरीका’ ऐकायचा तर माणसे जमवावी लागतात. चार कोपऱ्यांत चार प्लेअर, प्रत्येकाच्या बटणावर एकेक बोट, ‘एक, दोन, तीन’ म्हणायला एक जण. तरीही कुणाचे बोट किंचित उशिरा पडते, एखादा प्लेअर कणभर हळू चालतो. ड्रम्सचा ठोका एका कोपऱ्यातून येतो आणि त्याची सावली दुसऱ्यातून. कोणत्याही दोन वेळा गाणे तंतोतंत सारखे वाजत नाही, आणि अल्बमची खरी श्रीमंती याच सैलपणात आहे. एका गाण्यातले अतिउच्च आणि अतिखर्ज स्वर तर इतके त्रासदायक, की श्रोत्यांना तशी सूचनाच छापून दिली होती.

काही समीक्षकांनी या धाडसाचे मनापासून कौतुक केले. ‘पिचफोर्क’ने मात्र १० पैकी शून्य गुण दिले, सामान्य श्रोत्याने चार प्लेअर आणायचे कुठून, हा मुख्य आक्षेप. तो अडचणीपुरता खरा होता, पण संगीताला शून्य देणे हा अन्यायच. ज्यांच्याकडे एकच प्लेअर होता, त्यांनी मित्रांना आपापले प्लेअर घेऊन बोलावले. अल्बम ऐकण्यासाठी मेळावे भरू लागले.

२०१३ मध्ये ‘झायरीका’ची चार तबकड्यांची विनाइल आवृत्ती निघाली. तिला चार टर्नटेबल लागतात, आणि सुया एकाच क्षणी टेकवणारे चार हात.