सरवा

सोयाबीनची काढणी आटोपून मळणीयंत्र पुढच्या बांधावर गेलं, की मराठवाड्यातल्या रानात दुसऱ्या दिवशी सकाळीच बायका उतरतात. वाकून, एकेक पाऊल टाकत, भुईवर सांडलेल्या शेंगा ओच्यात गोळा करतात. भुईमुगाच्या रानात तर खुरपं घेऊन बसावंच लागतं, कारण वेल उपटताना तुटलेल्या शेंगा मातीतच राहतात. गव्हाच्या ओंब्या, ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे घाटे, काढणीनंतर रानात राहिलेला कांदा, यांतलं काहीही असो, ‘कुठं निघालात?’ असं विचारलं की उत्तर एकच मिळतं: ‘सरव्याला.’

पीक काढून नेल्यावर मागे रानात जे राहतं तो सरवा. तो ‘वेचायचा’ असतो. शहरी मराठीने हा शब्द जवळजवळ टाकून दिला आहे आणि नेमका आत्ताच तो हवा आहे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, इस्रायलमध्ये माणसं गट करून शेतात जातात, शेतकऱ्याने सोडून दिलेला भाजीपाला आणि फळं काढतात आणि जवळच्या गरजू घरांपर्यंत पोचवतात. हे मराठीत सांगायची वेळ आली की आपल्या हातून ‘अतिरिक्त शेतमालाचे संकलन’ असं काहीतरी लिहून जातं. घरात रोजच्या वापरातली परात असताना शेजाऱ्याकडे ताट मागायला जावं, तसं हे झालं.

सरवा आणि ‘सरणे’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात. सुगी सरली की सरवा, अशी सांगड मनात आपोआप बसते. लक्षात ठेवायला ती बरी आहे, पण तिला व्युत्पत्ती म्हणून पुढे करणार नाही. जोडीच्या ‘वेचणे’ या क्रियापदाची वाट मात्र स्पष्ट दिसते, आणि ती दुहेरी आहे. फुलं वेचणं, खडे वेचणं, सरवा वेचणं यांतलं वेचणं संस्कृतातल्या ‘वि’ उपसर्गासह आलेल्या ‘चि’ धातूचं, म्हणजे निवडून गोळा करण्याचं. ‘समाजासाठी आयुष्य वेचलं’ यातलं वेचणं वेगळं. ते ‘व्यय’पासून आलेल्या ‘वेच’चं, म्हणजे खर्चाचं. एक गोळा करतं, दुसरं संपवतं, आणि मराठीत दोघांचं रूप एकच झालं. दिवसभर उन्हात कंबर मोडून पायलीभर दाणे आणणाऱ्या बाईच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात.

पहिल्या वेचण्यातून पुढे ‘वेचा’ आला. शाळेच्या पुस्तकातले गद्यवेचे म्हणजे मोठ्या रानातून उचलून आणलेली चार कणसं. असं केवळ मराठीतच घडलं नाही. लॅटिनमध्ये ‘स्पिसिलेजियम’ म्हणजे कणसं वेचणं, आणि पुढे विद्वानांनी आपल्या संकलनग्रंथांना हेच नाव दिलं. हिब्रूत सरव्याला ‘लेकेट’ म्हणतात, आणि तोच शब्द निवडक उताऱ्यांच्या संग्रहालाही चालतो. इंग्रजी ‘ग्लीन’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्याही मागे बहुधा गॉल प्रांतातली जुनी केल्टिक बोली आहे. आज तो इंग्रजीत माहितीचे कण गोळा करण्यासाठीच जास्त वापरला जातो. इतक्या दूरदूरच्या भाषांना पुस्तक आणि शेत यांच्यामध्ये हा एकच पूल सापडावा, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

संस्कृतात या कामाला एक नव्हे, दोन शब्द आहेत. सांडलेला एकेक दाणा टिपणं म्हणजे ‘उञ्छ’ आणि पडलेली कणसं उचलणं म्हणजे ‘शिल’. दोन्ही मिळून शिलोञ्छवृत्ती. ‘कणीस’ हा आपला शब्द ‘कणिश’वरून आला आणि ‘कणीक’ ‘कणिके’वरून. वैशेषिक दर्शनाचे कणाद म्हणजे शब्दशः कण खाणारे. ते रानात सांडलेले दाणे वेचून राहत, असं परंपरा सांगते. ज्याने जगाचा विचार परमाणूंपर्यंत नेला, त्याचं नाव सरव्यावरून पडलं.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाच्या उपजीविकेचे प्रकार दिले आहेत. त्यात उञ्छ-शिलाला ‘ऋत’ म्हटलं आहे, न मागता मिळालेल्याला ‘अमृत’, आणि मागून आणलेल्या भिक्षेला ‘मृत’. त्याच यादीत शेतीला भिक्षेच्याही खाली ‘प्रमृत’ म्हणून बसवलं आहे, आणि ते मला अजिबात मान्य नाही. दाणा पिकवणाऱ्याला खाली ढकलून दाणा वेचणाऱ्याला वर नेता येत नाही. पण पहिला भेद मोलाचा आहे. सरवा आणि भीक यांची जात वेगळी, हे त्या काळीही लोकांना कळत होतं. भीक मागताना समोर देणारा उभा असतो. सरवा वेचताना कुणी देत नाही. मालकाने फक्त आपला हात मागे घेतलेला असतो.

महाभारतात शांतिपर्वाचा शेवटच उञ्छवृत्तीच्या आख्यानाने होतो. त्याहून ओळखीची गोष्ट आश्वमेधिक पर्वातली. युधिष्ठिराचा यज्ञ संपतो आणि अर्धं अंग सोन्याचं झालेलं एक मुंगूस येऊन सांगतं की हा सगळा यज्ञ कुरुक्षेत्रातल्या एका कुटुंबाच्या प्रस्थभर सातूच्या पिठाची बरोबरी करू शकत नाही. दुष्काळात त्या घराने कसेबसे वेचून आणलेले जव दळले होते, आणि दारी आलेल्या पाहुण्याला चौघांनीही आपापला वाटा दिला होता. ‘सक्तु’ म्हणजे पीठ. त्याचं मराठीत ‘सातू’ झालं, आणि आपण पिठाबरोबर धान्यालाही सातूच म्हणू लागलो.

हाच सातू दुसऱ्या एका गोष्टीत भेटतो. मराठी बायबलात रूथ सासूबरोबर बेथलेहेमला येते ती सातूच्या हंगामात. परक्या मवाब देशाची, विधवा, घरात खायला नाही. ती बवाज नावाच्या शेतमालकाच्या रानात कापणी करणाऱ्यांच्या मागून काय करते? मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘सरवा’ हाच शब्द घेतला आहे. त्यांना जुळवाजुळव करावी लागली नाही, कारण शब्द गावात तयार होता. लेवीयाच्या पुस्तकातली आज्ञाही त्याच शब्दाने मराठीत आली: शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचू नका, तो गरीब आणि परका यांच्यासाठी राहू द्या.

यहुदी धर्मशास्त्रींनी या आज्ञेचा जो बारकाईने विचार केला तो शब्दांच्या अभ्यासकाने वाचावाच. कापताना हातून पडलं ते ‘लेकेट’. शेतात विसरून राहिलेली पेंढी म्हणजे ‘शिख्खा’. न कापता ठेवलेला कोपरा ‘पेआ’, आणि तो किमान साठावा हिस्सा असावा. एका जागी दोन कणसं पडली तर तो सरवा, तीन पडली तर मालकाची. एका कणसाचा फरक, पण त्यावर वाद झाले, मतं नोंदली गेली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे कोणाला द्यायचं ते ठरवायचा अधिकार मालकाला नाही. दानात देणारा पात्र-अपात्र पाहतो. इथे तो प्रश्नच येत नाही. इस्रायलमध्ये २००३ साली सुरू झालेली संस्था आज देशाची अन्नपेढी म्हणून ओळखली जाते आणि तिचे स्वयंसेवक शेतात जाऊन माल काढतात. तिने नाव घेतलं ‘लेकेट’. जुना शब्द पुन्हा कामाला लावला.

आपल्याकडच्या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे आणि ती झाकून सरव्याचं कौतुक करणं खोटं ठरेल. खळ्यावर धान्य उफणून रास उचलली की भुईशी मातीत मिसळलेलं जे राहतं ते ‘मातेरं’. माती हा शब्द त्यात सरळ दिसतो. गावगाड्यात हे मातेरं बहुधा त्यांच्या वाट्याला यायचं ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. ते पाखडायचं, चाळायचं, धुवायचं, आणि मग शिजवायचं. आज आपण सहज म्हणतो, ‘त्याच्या आयुष्याचं मातेरं झालं.’ हा वाक्प्रचार रास घरी नेणाऱ्याच्या तोंडचा आहे. ज्याचं रात्रीचं जेवण त्या मातेऱ्यात होतं, त्याने तो घडवलेला नाही. ‘सरवा’ला असा डाग लागला नाही, हे मला भाग्याचं वाटतं. ‘सरव्याला जाते’ असं सांगताना आवाज खाली येत नाही.

पण हक्क काढूनही घेता येतो. इंग्लंडमध्ये सरवा वेचायची वेळ कळावी म्हणून कित्येक गावांत चर्चची घंटा वाजायची. १७८८ साली सफोक परगण्यातल्या मेरी हॉटन या बाईवर जेम्स स्टील या जमीनमालकाने दावा लावला आणि लंडनच्या न्यायालयाने तीन विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की सरवा वेचण्याचा असा कोणताही सार्वत्रिक हक्क कायद्यात नाही. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती गूल्ड यांनी मोशेच्या, म्हणजे लेवीयाच्या पुस्तकातल्या त्याच आज्ञेचा आधार घेतला होता. तो टिकला नाही. बायका त्यानंतरही शंभर वर्षं सरवा वेचत राहिल्या, पण कायद्याच्या लेखी आता ती मालकाची मर्जी होती. फ्रान्समध्ये मात्र १५५४ च्या राजाज्ञेने ही मुभा मान्य केलेली होती. तिथल्या मिलेने १८५७ साली रंगवलेलं ‘सरवा वेचणाऱ्या’ हे चित्र बहुतेकांनी छापील स्वरूपात पाहिलं असेल. तीन वाकलेल्या बायका पुढे, धान्याच्या गंजी लांब मागे, आणि उजवीकडे दूरवर घोड्यावर बसलेला मुकादम. ते चित्र मराठी बाईला समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकेत १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू’ने शेतात आणि गोदामात टाकून दिला जाणारा माल वाचवायचं मोठं काम उभं केलं. १९९६ च्या तिथल्या कायद्याने चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला आणि शेतात माणसं येऊ देणाऱ्या मालकाला दाव्यांपासून संरक्षण दिलं. त्याचा फायदा झाला हे उघड आहे. तरी त्या कायद्यातली सरवा वेचणाऱ्याची व्याख्या वाचताना मी थांबलो: मालकाने दान केलेलं पीक मोफत वाटण्यासाठी काढणारा तो. लेवीयाच्या पुस्तकात मालकाचं नसलेलं धान्य इथे मालकाचं दान झालं. शब्द तोच राहिला आणि आतला हक्क निघून गेला.

महाराष्ट्रात सरव्याची गरज नव्या रूपात समोर उभी आहे. भाव कोसळला की टोमॅटोची तोडणी, क्रेट आणि गाडीभाडं एवढंही सुटत नाही. मग शेतकरी माल रस्त्याकडेला ओततो, नाहीतर उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवतो. त्या शेतापासून दहा-वीस किलोमीटरवर अशा वस्त्या असतात जिथे आठवडाभर ताटात भाजी दिसत नाही. ही दोन टोकं जोडायला तोडणीचे हात, एखादी गाडी आणि शेतकऱ्याची एका दिवसाची परवानगी लागते. त्याच्या तोट्याची भरपाई यातून होत नाही आणि भावाचा प्रश्नही सुटत नाही, त्यामुळे त्याला उदारपणाचे धडे देत कुणी बांधावर जाऊ नये. ज्याचं पीक मातीत चाललं आहे त्याच्यापुढे आधी मान खाली घालावी.

असं काम जे करतील त्यांनी त्याला सरवाच म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. कुणी म्हणेल, सरवा म्हणजे काढणीनंतर उरलेलं, इथे तर काढणीच झाली नाही. पण हिब्रू ‘लेकेट’चाही मूळ अर्थ पडलेली दोन कणसं एवढाच होता, आणि आज तो सोडून दिलेलं अख्खं शेत पेलतो. सरव्यालाही तेवढं ताणता येईल. ‘मोफत भाजी वाटप’ असा फलक लागला की घेणाऱ्याला रांगेत उभं राहून हात पुढे करावा लागतो, आणि देणाऱ्याचा फोटो निघतो. ‘सरव्याला या’ म्हटलं की माणूस आपल्या पायाने रानात येतो, वाकतो आणि आपल्या हाताने घेतो.

तुमच्या भागात सरव्याला वेगळा शब्द असेल, पिकागणिक नावं बदलत असतील, किंवा खळ्यावर आणि रानात मागे राहणाऱ्या धान्याला घरातली जुनी माणसं काही निराळं म्हणत असतील, तर ते त्यांच्याकडून विचारून घ्या आणि गावाच्या नावासह लिहून ठेवा. यंत्राने काढणी होऊ लागलेल्या रानांत हे शब्द बोलणाऱ्या बायका आता साठीच्या पुढच्या आहेत.