करडईची पाकळी : रंगाऱ्याच्या हौदापासून मेंदूच्या पेशीपर्यंत

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत करडई हे रब्बीचे जुने पीक आहे. ज्वारीत तिचे पाटे घेण्याची आणि शेताच्या कडेने तिच्या ओळी पेरण्याची रीत येथे रूढ झाली, कारण तिच्या काट्यांमुळे गुरे पिकात शिरत नसत आणि तिचे सोटमूळ खोलवरची ओल शोधून अवर्षणातही तग धरत असे. कोवळ्या पानांची भाजी, घाण्याचे तेल आणि जनावरांसाठी पेंड असा तिचा उपयोग होत आला. फूल मात्र बहुधा बोंडावरच सुकून जाते.

या फुलाला एके काळी देशभर मागणी होती. पाकळीत पाण्यात सहज विरघळणारी पिवळी द्रव्ये आणि पाण्यात न विरघळणारे कार्थामिन नावाचे तांबडे द्रव्य असते. म्हणून रंगारी पाकळ्या पुन्हा पुन्हा धुऊन पिवळे पाणी टाकून देत, मग खाराच्या पाण्यात तांबडा रंग उतरवत आणि लिंबासारख्या आंबट रसाने तो कापडावर बसवत. या रंगातूनच कुसुंबी वस्त्र तयार होई. 1856 मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग तयार केला, त्यानंतर स्वस्त रासायनिक रंगांनी हा व्यापार मोडीत काढला आणि करडई केवळ तेलबी उरली. 1972 मध्ये परभणीला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले, परंतु पुढे सोयाबीन आणि हरभऱ्याने तिचे क्षेत्र व्यापले.

रंगाऱ्यांनी टाकून दिलेल्या त्या पिवळ्या पाण्यातच हायड्रॉक्सीसॅफ्लॉर यलो ए हे फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या रंगीत संयुगांच्या मोठ्या कुळातील एक द्रव्य, असते. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू झाला, की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियांत, कॅल्शियम साचते व मुक्त मूलके वाढतात. परिणामी त्यांच्या आवरणातील छिद्रे उघडून ऊर्जानिर्मिती कोलमडते आणि पेशी मरते. हे द्रव्य मुक्त मूलकांना निष्प्रभ करून ही छिद्रे उघडण्यास अटकाव करते, असे चिनी संशोधकांनी 2008 मध्ये उंदरांच्या मेंदूतील तंतुकणिकांवरील प्रयोगांतून दाखवले. प्राण्यांवरील अशा निष्कर्षांवरून या द्रव्याला माणसासाठीचे औषध मानता येत नाही. शिवाय हे द्रव्य पाकळीत असल्याने करडईच्या तेलातून ते मिळेल, ही अपेक्षाही चुकीची ठरते.

पिकाचे मोल एका बाजाराने ठरवले, की त्याचे बाकीचे गुण विस्मृतीत जातात, हे करडईच्या इतिहासातून स्पष्ट होते. काटे नसलेले वाण आता उपलब्ध असल्याने पाकळ्या वेचणे सुकर झाले आहे. म्हणून मराठवाड्यातील कृषी आणि वैद्यकीय संशोधकांनी एकत्र येऊन स्थानिक वाणांच्या पाकळ्यांची पद्धतशीर तपासणी करावी आणि त्यासाठी आधी हे पीक शेतात टिकवावे.