पाठ टाचणाची वही : वडोदऱ्यात रसायनाचे मास्तर कसे घडले

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी जुने फोटो आणि कागदपत्रे द्या, असे आवाहन आम्ही सभासदांना केले, तेव्हा मेळ्यांचे फोटो, जुन्या पावत्या, नाटकांच्या जाहिराती असे बरेच काही आले. एका सभासदांनी मात्र वडिलांच्या ट्रंकेत सापडलेली एक जाड वही आणून दिली. पुठ्ठ्यावर '१९६४-६५' आणि खाली 'पाठ टाचण : विज्ञान'. काका तेव्हा बी.एस्सी. होऊन बी.एड. करत होते आणि पुढे आयुष्यभर त्यांनी रसायन शिकवले. आमच्यापैकी कित्येकांना त्यांनीच पहिल्यांदा परीक्षानळी हातात धरायला शिकवले.

वही चाळताना आम्हाला गंमत वाटली. पाठ गुजरातीत लिहिलेला, कारण सराव पाठ गुजराती शाळेत घ्यायचे. समासातली स्वतःसाठीची टिपणे मराठीत. आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचे लाल शाईतले शेरे इंग्रजीत. एकाच पानावर तीन भाषा. वडोदऱ्याच्या माणसाला यात नवल वाटू नये, पण या एका पानामागे मोठा इतिहास आहे. तो इथे थोडक्यात सांगावा, असे आम्हाला वाटले.

वहीतला चौथा पाठ प्राणवायू तयार करण्याचा आहे. पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायॉक्साइड यांचे मिश्रण कठीण काचेच्या नळीत तापवायचे आणि निघणारा वायू पाण्याखाली उपड्या धरलेल्या बरणीत गोळा करायचा. आकृती सुबक आहे. खाली लाल शेरा आहे, त्याचा आशय असा : प्रयोग छान झाला. पण दिवा विझवण्याआधी वायूची नळी पाण्यातून बाहेर काढलीत, ती का काढलीत, हे मुलांना सांगितले नाहीत.

कारण साधे आहे. दिवा आधी विझवला तर आतला वायू थंड होऊन आकसतो, टबातले पाणी नळीतून वर ओढले जाते आणि तापलेल्या काचेवर पडताच ती तडकते. काकांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांच्या हातून चूक झाली नाही. पण स्वतःला ठाऊक असणे वेगळे आणि समोरच्या चाळीस मुलांना ते का, हे कळवणे वेगळे. पदवीनंतर शिक्षकाला आणखी प्रशिक्षण कशाला, या प्रश्नाचे उत्तर त्या शेऱ्यात आहे.

आमच्या शहरात रसायन आले ते सरकारवाड्याच्या आश्रयाने. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८१ साली राज्यकारभार हाती घेतला. त्याच वर्षी बडोदा कॉलेज सुरू झाले. तिथे रसायन शिकवायला सुरतेचे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर आले. १८९० साली महाराजांनी कलाभवन काढले, तेव्हा त्याची धुरा गज्जरांकडेच आली. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम यांच्यामागचे शास्त्र देशी भाषेतून शिकवता येते, यावर त्यांचा विश्वास होता. शास्त्रीय ग्रंथ गुजरातीत आणि मराठीत आणण्याची योजनाही त्यांनी महाराजांपुढे मांडली होती. मराठीत तिकडे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक रसायनावर पुस्तके लिहीत होते. म्हणजे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी रसायन आपल्या भाषेत बोलू लागले होते.

गज्जरांची एक गोष्ट आपल्या घरांत पूर्वी आवर्जून सांगितली जाई. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ साली कोणी डांबर फासले. ते काम दामोदर चापेकरांचे होते, हे पुढे उघड झाले. डाग काही केल्या निघेना. शेवटी तो काढला तो गज्जरांच्या रसायनविद्येने. डाग लावणारा मराठी तरुण आणि डाग काढणारा आमच्या कलाभवनाचा गुजराती प्राध्यापक! कोणाची बाजू घ्यावी, यावर आमच्या ओट्यांवर वाद रंगत. पुढे १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेंबिकची उभारणी केली. अलेंबिक म्हणजे अर्क काढायचे भांडे. प्रयोगशाळेतल्या एका भांड्याचे नाव शहरभर झाले आणि कित्येक मराठी घरांची चूल त्या नावावर पेटली.

पण कारखान्याला रसायनज्ञ मिळाला, म्हणून शाळेला रसायनाचा मास्तर मिळत नाही. त्या काळी पदवीधर झालेला माणूस थेट वर्गात उभा राही. स्वतःला जसे शिकवले गेले, तसे तो शिकवी. शिक्षकांना प्रशिक्षण हवे, हे १८५४ च्या वुडच्या खलित्यात आले होते. १८८२ च्या हंटर आयोगाने पदवीधरांसाठी वेगळा आणि कमी मुदतीचा अभ्यासक्रम असावा, असे सुचवले. १९०४ च्या कर्झनच्या शैक्षणिक ठरावाने तो एक वर्षाचा असावा, त्याला विद्यापीठाची पदवी किंवा पदविका असावी आणि प्रत्येक कॉलेजला सरावासाठी एक शाळा जोडलेली असावी, असे म्हटले. आजच्या बी.एड.ची कुंडली तिथे मांडली गेली. १९०६ साली मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले.

वडोदऱ्यात माध्यमिक शिक्षकांसाठीचे ट्रेनिंग कॉलेज निघाले १९३५ साली, महाराजांच्या हयातीतच. सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सगळ्या राज्यात आणणाऱ्या राजाने माध्यमिक शिक्षकांकडेही लक्ष दिले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि हे ट्रेनिंग कॉलेज विद्यापीठाच्या शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखेचे मूळ ठरले.

तिथे त्या एका वर्षात काय शिकवत? काकांची वहीच साक्ष देते. प्रत्येक पाठ पाच पायऱ्यांत बांधलेला आहे : पूर्वतयारी, विषयाची मांडणी, तुलना, नियम आणि त्याचा वापर. हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पायऱ्या तेव्हाच्या प्रत्येक ट्रेनिंग कॉलेजात पाठ असत. विज्ञानासाठी आणखी एक नाव असे, इंग्रज रसायनज्ञ आर्मस्ट्राँग यांचे. मुलाला उत्तर सांगू नका, ते त्याला शोधू द्या, हा त्यांचा आग्रह. काकांनी समासात मराठीत लिहिले आहे : 'चाळीस मुले, चार दिवे. शोधू कसे देणार?' हा प्रश्न साठ वर्षांनंतरही जुना झालेला नाही.

त्याच सुमारास देशात या विषयाला वेग आला. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने शिक्षणाचा आराखडा आखला. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, म्हणजे आपलेच मराठी माणूस. पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सगळ्यांनाच हवे, असे आयोगाने सुचवले. सगळ्यांना विज्ञान म्हणजे सगळ्या शाळांना विज्ञानाचे शिक्षक. १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली होती. तिथे एका वर्षाची घाई नव्हती. विज्ञान आणि अध्यापन चार वर्षे एकत्र शिकायचे आणि बी.एस्सी.-बी.एड. होऊनच बाहेर पडायचे. गुजरात आणि महाराष्ट्र भोपाळच्या वाट्याला आले.

आमच्या शहराने यात आपली भर घातली. १९६३ साली विद्यापीठात शिक्षणातील उच्च अध्ययन केंद्र स्थापन झाले. १९७० च्या दशकात सूक्ष्म अध्यापनावर जे काम देशात झाले, त्यात हे केंद्र आणि इंदूरचे विद्यापीठ पुढे होते. ही पद्धत अमेरिकेतून आली, पण इथल्या गरजेनुसार तिला नवे रूप मिळाले. समोर पाच-दहा सहाध्यायी विद्यार्थी म्हणून बसायचे आणि एकच कौशल्य घ्यायचे, समजा प्रश्न विचारण्याचे. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे इतरांनी चुका सांगायच्या, बारा मिनिटांत पाठ नव्याने बेतायचा, पुन्हा सहा मिनिटे शिकवायचे, पुन्हा सहा मिनिटे ऐकून घ्यायचे. एकूण छत्तीस मिनिटे. आमच्या पिढीतल्या ज्या भगिनींनी तेव्हा बी.एड. केले, त्या आजही सांगतात की सासूचे बोल परवडले, पण ती सहा मिनिटे नकोत!

आज रसायनशिक्षक व्हायचे तर वाट कशी आहे, तेही नव्या पिढीसाठी सांगतो. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. २०१४ च्या नियमांनी बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले आणि शाळेतली आंतरवासिता वीस आठवड्यांची झाली. नववी-दहावीत रसायन हा वेगळा विषय नसतो. तिथे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र एकच शिक्षक शिकवतो. त्यासाठी विज्ञानाची पदवी आणि बी.एड. लागते. अकरावी-बारावीत रसायन वेगळे होते आणि तिथे रसायनाची एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात. गुजरातेत यावर पुन्हा शिक्षक अभियोग्यता कसोटी, म्हणजे आपली 'टाट'. हिशेब करा : बारावीनंतर तीन वर्षे पदवी, दोन वर्षे एम.एस्सी., दोन वर्षे बी.एड., मग टाट. वयाची पंचविशी त्यात जाते. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमावर पुन्हा भर दिला आहे. १९६३ ची भोपाळची वाट साठ वर्षांनी परत सापडली, असेच म्हणायचे.

आणि एवढे करून काय मिळते? इथे आम्हाला थोडे कडू बोलावे लागते. सरकारी किंवा अनुदानित माध्यमिक शाळेत निवड झाली, तरी पहिली काही वर्षे शिक्षण सहायक म्हणून ठरावीक पगारावर काढावी लागतात. २०२३ पासून ज्ञान सहायक आले, अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिन्यांचा मास्तर प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मागायला कचरतो. काच फुटली तर भरून कोण देणार? मग फळ्यावर आकृती काढली जाते, मुले ती उतरवून घेतात आणि प्रयोगवही भरते. प्रशिक्षण वाढले, प्रमाणपत्रे वाढली, पण दिवा पेटेनासा झाला. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने एम.एस्सी., बी.एड. करून दोन वर्षे एका शाळेत काढली. आता ती कोचिंग क्लासमध्ये शिकवते. तिथे पगार बरा आहे, परीक्षानळी मात्र एकही नाही.

दोष एकट्या सरकारला द्यावा, असेही आम्हाला वाटत नाही. गेल्या वर्षी गुणगौरव समारंभात आम्ही बारावीच्या मुलांना, पुढे काय करणार, असे विचारले. इंजिनीअर, डॉक्टर, सी.ए., परदेश, सगळे आले. शिक्षक होणार, असे एकही मूल म्हणाले नाही. आणि एखादे म्हणाले असते, तर आपण पालकांनी टाळ्या वाजवल्या असत्या का? आपल्या घराण्यांत मास्तरकी ही पिढीजात होती. पेशव्यांबरोबर आणि गायकवाडांबरोबर इथे आलेल्या कुळांत तलवारीनंतर लेखणी आली आणि लेखणीनंतर खडू. तो खडू आपण कधी खाली ठेवला, ते आपल्याला कळलेच नाही.

आणखी एक गोष्ट हरवते आहे. घरी 'आम्ल' आणि शाळेच्या गुजराती पुस्तकात 'ॲसिड', अशा दोन शब्दांमध्ये अडखळणाऱ्या मराठी मुलाला काकांसारखे मास्तर वर्गानंतर थांबवून घेत आणि चिंच, लिंबू, चुना, खायचा सोडा यांची उदाहरणे देऊन दोन्ही शब्द एका धाग्यात ओवून देत. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हते. ज्याला विषय येतो, शिकवण्याचे शास्त्र येते आणि मुलाचे घर माहीत आहे, त्यालाच ते जमते.

म्हणून मंडळाने या वर्षी एक छोटा संकल्प केला आहे. आपल्यापैकी निवृत्त झालेले विज्ञानशिक्षक आणि कारखान्यांत आयुष्य घालवलेले रसायनज्ञ कमी नाहीत. त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. मंडळाच्या सभागृहात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी घरगुती वस्तूंचे, धोका नसलेले प्रयोग करू. बी.एड. करणाऱ्या मुलामुलींनी त्यात शिकवावे आणि जुन्या मास्तरांनी मागे बसून ऐकावे. शेरे लाल शाईत लिहायला हरकत नाही.

काकांच्या वहीत प्राणवायूचा पाठ पुन्हा एकदा आहे, तीन आठवड्यांनंतरचा, दुसऱ्या शाळेतला. या वेळी पाठात एक नवा प्रश्न आहे : 'दिवा आधी विझवला तर काय होईल?' पुढे समासात मराठीत लिहिले आहे : 'मागच्या बाकावरच्या मुलाने बरोबर सांगितले.' त्याखाली लाल शाईत काहीच शेरा नाही, फक्त बरोबरची खूण आहे.

ही वही दहा दिवस मंडपात, श्रींच्या डाव्या हाताच्या टेबलावर ठेवली आहे. आरतीला याल तेव्हा जरूर चाळा. आणि मुलांनाही दाखवा.