महामारीच्या वाटेने मुंबई

सुट्टीत मुंबई पाहावयास जाणारी आपली कुटुंबे बहुधा वस्तुसंग्रहालय, राणीची बाग आणि चौपाटी एवढा फेरा करून परततात. हा फेरा वाईट नव्हे. पण आपल्या समाजाचा इतिहास त्या वाटेवर अभावानेच भेटतो. म्हणून एक निराळी वाट सुचवावीशी वाटते.

आरंभ धोबीतलावावर करावा. मेट्रो चित्रपटगृहासमोर डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा पुतळा आहे. गोव्यात जन्मलेल्या या कॅथॉलिक डॉक्टरांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासून हा प्लेगच होय, असे निदान केले. पुढे लाखो लोकांनी शहर सोडले. १९०६ साली हेच व्हिएगस मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले.

तेथून परळला जावे. हाफकिन संस्थेची जुनी वास्तू मूळची येशूसंघीयांची. अठराव्या शतकात इंग्रजांनी ती जप्त केली, पुढे तेथे गव्हर्नर राहू लागले आणि १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा आली. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. संस्थेत संग्रहालय आहे. आगाऊ चौकशी करून जाणे बरे. जेथे एके काळी मिस्सा होत असे, त्याच आवारात पुढे सहस्रावधी लोकांचे प्राण वाचविणारी लस तयार व्हावी, याचे मला तरी फार नवल वाटते.

तिसरा टप्पा वांद्र्याचा, आणि तो पायीच करावा. रणवार, चुईम, पाली या जुन्या गावठाणांच्या गल्ल्यांतून वळणावळणावर दगडी क्रूस दिसतात. यांतील कित्येक प्लेगच्या काळातले. रोगनिवारणासाठी कोणी नवस बोलून, कोणी वाचल्याच्या कृतज्ञतेने ते उभारले. लस आली होती, तरी माणसे क्रूसापाशी गुडघे टेकत होती. यात विरोध पाहणाऱ्यांनी व्हिएगस यांचे चरित्र आठवावे. मुलांना या क्रूसांच्या चौथऱ्यावरील साल आणि नावे वाचावयास लावावीत. मात्र घाई करू नये, कारण दर सणाला चढविलेल्या रंगाच्या थरांखाली अक्षरे बुजत चालली आहेत.

संत आंद्रेयाच्या चर्चच्या आवारातील भव्य क्रूस याहून पुष्कळ जुना. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची चिन्हे त्यावर कोरलेली आहेत. तो १७३९ साली नष्ट झालेल्या येशूसंघीयांच्या महाविद्यालयातून येथे आला. वसईचा पाडाव झाला तेच हे वर्ष, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

बाझार रोडवरची एक जागा मात्र आवर्जून आठवावी. तेथील शंभराहून अधिक वर्षांचा क्रूस २०१७ साली महापालिकेने अनधिकृत म्हणून पाडला. तो खाजगी जागेत होता, असे रहिवाशांचे म्हणणे होते. अशा वेळी जुनेपणाचा पुरावा मागितला जातो. चौथऱ्यावरचे साल हाच तो पुरावा, आणि आपल्या गावांतल्या किती क्रूसांचे साल आज कोणाच्या वहीत टिपलेले आहे?