स्मार्ट होम म्हणजे नेमकं काय? मीरा-भाईंदरच्या वन बीएचकेतून समजून घेऊया

स्मार्ट होम कुणी एका दिवसात विकत घेत नाही. दिवाळी सेलमध्ये आधी एक स्पीकर येतो, मग रंग बदलणारा बल्ब, मग प्लग, मग दारावरचा कॅमेरा. वर्षभरात राउटरला वीसेक डिव्हाइस जोडलेली असतात आणि त्यातली कुठली कोणाच्या फोनवर आहेत हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. भारतात ॲमेझॉनचा इको ऑक्टोबर २०१७ मध्ये आला आणि गूगल होम एप्रिल २०१८ मध्ये. मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांत हे वेड त्यानंतरच शिरलं.

आतून हे चालतं कसं? साध्या स्मार्ट प्लगमध्ये एक वाय-फाय चिप आणि एक रिले असतो. रिले म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. तुम्ही ॲपमध्ये बटण दाबलं की संदेश कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून घरच्या राउटरवर येतो आणि प्लग ‘टक्’ करून बंद होतो. म्हणूनच लोकल बोरिवलीला पोचल्यावर ‘गीझर बंद केला का?’ असं आठवलं तरी उपाय असतो.

सेटअप करताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. स्वस्त प्लग आणि बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झ वाय-फाय ओळखतात आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो. दोन्ही बँड एकाच नावाने चालत असतील तर सेटअपपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवा. एरवीही भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झच जास्त चांगला पोचतो.

गीझरचा विषय जरा सविस्तर, कारण इथे चूक महागात पडते. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर करंट घेतो, ३००० वॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर. बल्ब-चार्जरसाठीच्या ६ अँपिअरच्या प्लगला हे झेपणारच नाही. १० अँपिअरचा प्लग २००० वॅटला कागदावर पुरतो, पण रोज काठावर चालवला की तापतो. गीझर आणि एसीसाठी १६ अँपिअरचाच, आयएसआय मार्कचा प्लग घ्या. मोठ्या पिना बसत नाहीत म्हणून कन्व्हर्टर लावायचा जुगाड तर अजिबात नको. ॲपमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याचा टायमरही लावून टाका.

भिंतीत बसणाऱ्या स्मार्ट स्विचला बहुतेक वेळा न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे ती असतेच. नुसती बटणं असलेल्या जुन्या बोर्डात नसू शकते. आधी इलेक्ट्रिशियनला बोर्ड उघडून बघायला सांगा, ऑर्डर नंतर.

बिल कमी होतं का? अदानीचं असो की टाटा पॉवरचं, नुसत्या ‘स्मार्ट’ शब्दाने ते उतरत नाही. उलट प्रत्येक डिव्हाइस बंद असतानाही थोडी वीज खातं. एक वॅट धरला तरी दहा डिव्हाइसची महिन्याला सात युनिट होतात. खरी बचत पंख्यात आहे. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा सुमारे ३०. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ॲटमबर्गने हेच पंखे घराघरात नेले. पण बचत मोटरची आहे, ॲपची नाही. रिमोटवाला घेतला तरी तेवढीच.

आता घरातल्या माणसांचं. अलेक्साला हिंदी २०१९ मध्ये आली. गूगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठी बोलू लागला, पण फोनवर. म्हणजे आजीला स्पीकरशी हिंदीतच बोलावं लागतं. त्यातही भिंतीवरचं बटण बंद असेल तर स्मार्ट बल्ब कुणाचंच ऐकत नाही, आणि सगळं तुमच्या एकट्याच्या अकाउंटवर असेल तर तुम्ही ऑफिसात असताना आजीने करायचं काय? ॲपमध्ये घरच्यांना मेंबर म्हणून जोडा. भिंतीवरचं बटण चालेल अशीच वस्तू निवडा, कारण नेट तर जाणारच.

कॅमेरा हॉलमध्ये लावायचा असेल तर आधी सगळ्यांना विचारा. घराच्या राहत्या भागात सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने एका प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटलं आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. दारावरचा कॅमेरा समोरच्यांच्या घरात डोकावत नाही ना, तेही बघा.

पासवर्डचा आळस किती नडतो याचं उदाहरण म्हणजे २०१६ चं मिराई. कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर या मालवेअरने ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास अडवल्या. त्यामुळे पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि ही सगळी डिव्हाइस राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर टाका.

कंपनीच बंद पडली तर? अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केल्यावर निव्वळ डबा होऊन बसला. २०२२ मध्ये आलेलं मॅटर हे स्टँडर्ड या बाबतीत बरं, कारण त्यातल्या वस्तू घरातल्या घरात, वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपशी बोलू शकतात. नवीन खरेदीत खोक्यावर ते चिन्ह शोधा.

आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर स्विचपेक्षा प्लग आणि बल्ब बरे, अकरा महिन्यांनी काढून नेता येतात. जे मागे सोडाल ते फॅक्टरी रीसेट करून अकाउंटमधून काढा, नाहीतर नव्या भाडेकरूचा बेडरूममधला दिवा तुमच्या फोनवरून चालू-बंद होत राहील. नव्या घरात तुम्ही स्वतः शिरताना तिथे लावलेली डिव्हाइसही आधी रीसेट करूनच वापरा.