जागा जाते कुठे?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यात डिझाइन किती मोठं आहे हे कधी कुणाला विचारावं लागायचं नाही. दिसायचंच. जेकॉर्डच्या मागावर कार्डांची माळ टांगलेली असायची. पुठ्ठ्याचं एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक धागा. भोक असेल तर ताण्याचा हुक वर, नसेल तर जागच्या जागी. ही युक्ती फ्रान्समधल्या जोसेफ जाकार्दची, १८०४ च्या सुमारासची. त्याच्या आधी बूशों आणि फाल्कन यांनी वाट मळून ठेवली होती, पण नाव झालं जाकार्दचं. असो.

आता आपल्या भाषेत हिशोब करू. समजा माग ४०० हुकांचा आहे. म्हणजे एक कार्ड ४०० बिट, ५० बाइट. हजार कार्डांची नक्षी झाली ५० हजार बाइट, साधारण ५० केबी. जाकार्दचं स्वतःचं एक रेशमात विणलेलं चित्र प्रसिद्ध आहे, त्याला २४ हजार कार्डं लागली होती. चार्ल्स बॅबेजकडे त्याची प्रत होती आणि तो ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा. कार्डं जास्त, तर माळ लांब, तर गठ्ठा मोठा. स्टोरेज फुल झालं म्हणजे खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही, इतकं सोपं.

कॉम्प्युटरमध्ये हे दिसणंच गेलं. पाच बाइटची फाइल आणि पाच जीबीची फाइल, दोघींचं आयकॉन सारखंच. त्यात गंमत अशी की आपल्या नेहमीच्या फाइल सिस्टीम फोल्डरची बेरीज कुठे लिहूनच ठेवत नाहीत. प्रत्येक फाइलचा आकार नोंदलेला असतो, फोल्डरचा नाही. तो हवा असेल तर आत शिरून, आतल्या आत शिरून, एकेक मोजत यावं लागतं. म्हणून प्रॉपर्टीज उघडल्यावर तो आकडा सावकाश चढत राहतो.

हे मोजायचं पहिलं प्रसिद्ध हत्यार म्हणजे युनिक्सची ‘डीयू’ कमांड. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येच ती आहे. साहजिक आहे, कारण बेल लॅब्जमधल्या त्या सुरुवातीच्या पीडीपी-११ ची डिस्क होती ५१२ केबीची! आपल्या हिशोबाने चादरीची दहा डिझाइनं. डीयू फाइलची लांबी नाही, तिने अडवलेले ब्लॉक मोजते. ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ असे दोन वेगळे आकडे विंडोजमध्ये दिसतात ना, तोच हा फरक. पण डीयूने हातात काय पडतं? आकड्यांची यादी. वीस ओळी असतील तर ठीक, वीस हजार असल्या की डोळे फिरतात.

पुढची जवळजवळ वीस वर्षं यादीवरच भागलं. मग १९९० साली मेरीलँड विद्यापीठात बेन श्नाइडरमन यांच्या लॅबमधली डिस्क भरली. ८० एमबीची एक डिस्क आणि वापरणारे १४ जण. नेमकी कुणी कुठे अडवली आहे तेच कळेना. (एका डिस्कवर चौदा जण म्हणजे भांडणाला काय तोटा!) श्नाइडरमन विचार करत प्राध्यापकांच्या खोलीत बसले असताना त्यांना सुचलं, की पूर्ण स्क्रीन म्हणजे डिस्क समजायची आणि तिची वाटणी करायची.

आपल्याला हे पटकन कळेल, कारण आपल्याकडे जमिनीची वाटणी अशीच होते. आजोबांचं शेत मुलांमध्ये उभ्या पट्ट्यांत वाटलं. मग प्रत्येक पट्टी नातवांमध्ये आडवी. पुन्हा उभी, पुन्हा आडवी. ज्याचा हिस्सा मोठा त्याचा तुकडा मोठा. अल्गोरिदम फक्त सहा ओळींचा, पण तो कायम बरोबर चालेल हे स्वतःला पटायला श्नाइडरमनना काही दिवस लागले. ब्रायन जॉन्सन या विद्यार्थ्याने तो मॅकिंटॉशवर चालवून दाखवला. नाव पडलं ‘ट्रीमॅप’.

वाटणीतली खोडही शेतासारखीच. तुकडे पडत गेले की एखाद्याच्या वाट्याला इतकी अरुंद पट्टी येते की औत वळवता येत नाही. स्क्रीनवर तर त्या रेघाच होतात. त्यावर २००० साली नेदरलँड्सच्या आइंडहोव्हनमध्ये ब्रुल्स, हाउझिंग आणि व्हॅन वाइक यांनी उपाय काढला: प्रत्येक तुकडा जमेल तितका चौकोनी ठेवायचा. मग त्यांचं सिक्वोयाव्ह्यू आलं, लिनक्सवर केडिरस्टॅट, आणि त्यावरून २००३ मध्ये विंडोजसाठी विनडिरस्टॅट. स्कॅन चालू असताना तोंड उघडझाप करणारे छोटे पॅकमॅन ज्याने बघितलेत, तो माझ्या पिढीचा.

मागच्या दिवाळीत मामांच्या कारखान्यातल्या ऑफिसच्या पीसीवर मी तेच चालवलं. ५०० जीबीची डिस्क, गच्च. रंगीत नकाशा आला आणि मामा खुर्ची ओढून जवळ बसले.

“हे सगळ्यात मोठं काय आहे रे? उडव.”

तो होता मामेबहिणीच्या लग्नाचा न कापलेला व्हिडिओ. मामी दारातूनच म्हणाल्या, “त्याला हात लावायचा नाही.” मग राहिलं. त्याच्या शेजारी एकाच मोबाइलचे तीन बॅकअप, जुन्या विंडोजचा फोल्डर, आणि हायबरनेशनची फाइल.

“आणि माझी डिझाइनं कुठायत?”

नकाशावर सापडेनात. हिशोब करून बघितला. १३६६ गुणिले ७६८ चा स्क्रीन, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. अख्खा स्क्रीन नकाशाला दिला तरी एका ठिपक्याच्या वाट्याला जवळपास ४७६ केबी. ४०० बाय १००० चं रंगीत डिझाइन बीएमपीमध्ये ४०० केबी, म्हणजे एक ठिपकासुद्धा पुरा नाही. मामांची सहाशे डिझाइनं एकत्र केली तर नकाशावर डेस्कटॉपच्या एका आयकॉनपेक्षा लहान चौकोन. आणि कारखाना चालतो तो त्या चौकोनावर. लग्नाचा व्हिडिओ मात्र अर्धं बोट रुंद.

फोल्डर शेवटी नावाने शोधला. तो ज्या ‘न्यू फोल्डर (२)’ मध्ये होता, तोच मामांचा मुलगा जुना कचरा म्हणून उडवणार होता. बॅकअपच्या दोन प्रती आणि जुनं विंडोज काढून ९० जीबी मोकळे झाले. डिझाइनांच्या दोन पेनड्राइव्हवर कॉप्या केल्या. एक ऑफिसात, एक मामींच्या कपाटात, साड्यांच्या खाली.